काय वाचवायचंय ते आधी ठरवा: गोल्फ क्लबचा शाफ्ट घरच्या घरी काढताना

ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याच्या क्लबचा, ग्रॅफाइट शाफ्ट (दांडा) काढायला बसलो त्या दिवशी माझ्याकडे हीट गन होती, व्हाइस (शिकंजा) होता आणि गरजेपेक्षा जास्त आत्मविश्वास होता. आदल्याच आठवड्यात आयर्नचे, म्हणजे पातळ धातूच्या हेडच्या क्लबचे, दोन स्टील शाफ्ट पिळून काढले होते. हाही तसाच निघेल असं धरून चाललो. हेड आणि शाफ्टचा जोड तापवला, हातमोजा घालून हेड धरलं आणि पीळ दिला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. शाफ्ट निघाला खरा, पण त्याच्या टोकाचे तंतू केरसुणीसारखे पिंजून निघाले होते. हेडला ओरखडाही नव्हता, आणि मला वाचवायचा होता तो नेमका शाफ्ट.

त्यानंतर बरेच क्लब उघडले. काम अवघड नाही, पण त्यात दोन-तीन जागा अशा आहेत की तिथे चुकलं तर परतीची वाट नसते. नवख्या माणसाला त्या जागा आधीच माहीत असाव्यात म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढतोय.

आधी थोडं जोडाबद्दल

क्लबच्या हेडला वर नळीसारखा भाग असतो, तो होझल. शाफ्टचं बारीक टोक, म्हणजे टिप, होझलमध्ये साधारण सव्वा ते दीड इंच आत जातं आणि इपॉक्सी नावाच्या घट्ट गोंदाने चिकटवलेलं असतं. जोडाच्या वर जी काळी प्लॅस्टिकची बांगडी दिसते ती फेरूल. ती काही हेड धरून ठेवत नाही. होझलची कड शाफ्टला थेट घासू नये आणि जोड नीटस दिसावा, एवढंच तिचं काम.

इपॉक्सी मेणासारखी वितळत नाही. एकदा घट्ट झाली की ती पुन्हा पातळ होणार नाही. तापवल्यावर, साधारण शंभर-सव्वाशे अंश सेल्सिअसच्या आसपास, ती रबरासारखी मऊ पडते आणि तिची पकड सुटते. आणखी तापवलं तर जळून काळी पडते. आपल्याला हवी असते ती मधली अवस्था, आणि ती फार वेळ टिकत नाही. आच बंद केली की जोड गार होतो आणि इपॉक्सी पुन्हा पकडते.

आता खरी मेख. ग्रॅफाइट शाफ्ट म्हणजे कार्बनचे तंतू आणि त्यांना बांधून ठेवणारं रेझिन. हे रेझिनही बहुतेक वेळा इपॉक्सीच्याच भावकीतलं असतं. म्हणजे जे सैल करायला आपण आच लावतो, त्याच्याच चुलतभावाने शाफ्ट बांधलेला आहे. शाफ्टचं रेझिन जास्त ताप सहन करतं हे खरं, पण दोघांमधलं अंतर फार मोठं नाही. स्टीलचं काम आणि ग्रॅफाइटचं काम वेगळं का, याचं उत्तर एवढ्यातच आहे.

१. काय वाचवायचं आहे ते ठरवा

मी हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता, म्हणून शाफ्ट गेला. हेड हवंय की शाफ्ट, की दोन्ही?

फक्त हेड हवं असेल, शाफ्ट मोडलेला किंवा नको असलेला असेल, तर निम्मं काम सोपं होतं. ग्रॅफाइट असला तरी पिळा, फाटला तर फाटू दे. फक्त शाफ्ट हवा असेल आणि हेड भंगारात जाणार असेल, तर हेडच्या रंगाची फिकीर नको, पण शाफ्टला आच लागणार नाही याची काळजी हवीच. दोन्ही हवे असतील तर खाली सांगितलेलं सगळंच पाळावं लागेल.

आणि मुळात काढायची गरज आहे का, तेही बघा. आजकालच्या बहुतेक ड्रायव्हरना, फेअरवे वूडना आणि काही हायब्रिडना (लांब फटक्यांच्या इतर क्लबना) स्क्रूवर बसणारा अडॅप्टर असतो. हेडच्या तळाशी, टाचेकडे (होझलच्या बाजूला) स्क्रू दिसला तर क्लबसोबत आलेल्या टॉर्क रेंचने तो उलटा फिरवा. शाफ्ट अडॅप्टरसकट बाहेर येईल. ना आच, ना धूर. अडॅप्टर असलेला ड्रायव्हर होझलवर तापवत बसलेला माणूस मी पाहिला आहे. हसू नका, तळाशी बघायचं त्याला सुचलंच नव्हतं.

अडॅप्टरच शाफ्टवरून काढायचा असेल तर मात्र पुढची ग्रॅफाइटची पायरी लागू होते. अडॅप्टर बहुधा ॲल्युमिनियमचा असतो, लवकर तापतो, आणि काही अडॅप्टरमध्ये प्लॅस्टिकचे भागही असतात. आच आणखी बेताची ठेवा.

२. शाफ्ट कशाचा आहे ते ओळखा

स्टील शाफ्टवर बहुधा पायऱ्या दिसतात, बांबूच्या पेरांसारख्या, आणि क्रोमची चकाकी असते. ग्रॅफाइट गुळगुळीत, रंगवलेला आणि वजनाने हलका असतो. पण निव्वळ रंगावर जाऊ नका. काही स्टील शाफ्टना पायऱ्या नसतात, काही ग्रॅफाइट शाफ्ट चंदेरी रंगवलेले असतात.

चुंबक लावून बघा, असा सल्ला सगळे देतात. मीही देतो, पण एक इशारा जोडून. एअरोटेकच्या स्टीलफायबरसारख्या शाफ्टमध्ये आतला गाभा ग्रॅफाइटचा असतो आणि बाहेर स्टीलच्या बारीक तंतूंचा थर असतो. चुंबक तिथे दगा देऊ शकतो. असा शाफ्ट पूर्णपणे ग्रॅफाइट समजूनच हाताळायचा. शंका आली तर ग्रॅफाइट धरून चाला. ग्रॅफाइटची रीत स्टीलला लावली तर थोडा वेळ वाया जातो. उलट केलं तर शाफ्ट वाया जातो.

३. हेड नीट तपासा

उजेडात घेऊन चारही बाजूंनी बघा.

होझलच्या बाजूला बारीक गोल ठिपका दिसतोय का? जुन्या आयर्नमध्ये होझल आणि शाफ्ट यांच्यातून आडवी पिन मारलेली असायची. अमेरिकेतल्या यूएसजीए या गोल्फ संस्थेने स्टील शाफ्टला १९२४ मध्ये मान्यता दिली आणि ब्रिटनमधल्या आर अँड एने १९२९ मध्ये. त्यानंतर बराच काळ हेड पिनेने पक्कं करायची पद्धत होती. पिन असताना कितीही तापवा, हेड हलणार नाही. आधी पिन पंचने ठोकून किंवा बारीक बिटने ड्रिल करून काढावी लागते.

हेडच्या तळाला शाफ्टचं टोक किंवा गोल बूच दिसतंय का? तसं असेल तर शाफ्ट हेडच्या आरपार गेलेला आहे. कॅलवेच्या जुन्या बिग बर्था मालिकेत असं असायचं. इथे चिकटलेली लांबी जास्त, म्हणून आच खालपर्यंत द्यावी लागते.

आयर्न आतून पोकळ आहे का? टेलरमेडच्या पी७९० सारख्या आयर्नमध्ये आत फोम भरलेला असतो, पीएक्सजीच्या ०३११ मालिकेत पॉलिमर. हा भराव तापला तर बिघडतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. अशा हेडवर ज्वाळा नकोच. हीट गन, तीही होझलच्या वरच्या भागावर, आणि खाली ओलं फडकं गुंडाळलेलं.

मागच्या खोबणीतले बिल्ले, रबरी पट्ट्या हे सगळं गोंदाने चिकटवलेलं असतं, तेही ओल्या फडक्याखाली जाऊ द्या. वूडच्या होझलवर रंग असतो आणि वरचा भाग अनेकदा कार्बनचा असतो. तिथे ब्लो टॉर्चची ज्वाळा लावलात तर रंगाला फोड येतील.

लाकडी, म्हणजे पर्सिमनचं जुनं हेड असेल तर हा लेख इथेच बंद करा. त्यात स्क्रू असतात, दोऱ्याचे वेढे असतात, आणि लाकूड तापवायचं नसतं.

४. साहित्य

काम सुरू झाल्यावर गरम हेड हातात धरून पक्कड शोधायची वेळ येऊ नये. हे सगळं आधी मांडून ठेवा:

- टेबलाला पक्का बसवलेला व्हाइस
- शाफ्ट धरायचा रबरी क्लॅम्प. व्हाइसचे उघडे लोखंडी जबडे शाफ्टवर कधीच नकोत. स्टील शाफ्टची भिंत पातळ असते, जबड्यात चेपते आणि चेपलेला शाफ्ट पुढे तिथेच वाकतो
- हीट गन, आणि फक्त स्टीलसाठी छोटा ब्लो टॉर्च
- ग्रॅफाइट वाचवायचा असेल तर शाफ्ट पुलर, म्हणजे हेड न पिळता सरळ ढकलून काढायचं साधन. याला पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका
- चामड्याचे जाड हातमोजे. रबराचे किंवा नायलॉनचे हातमोजे कातडीला चिकटतात
- डोळ्यांना चष्मा, तोंडाला धुळीचा मास्क
- कटर, पक्कड, पाण्यात भिजवलेली फडकी, पाण्याची बादली
- होझलच्या भोकात जाईल असा गोल तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ॲसिटोन
- मापपट्टी, व्हर्निअर कॅलिपर, मास्किंग टेप, पेन

ॲसिटोनची बाटली या यादीत आहे, पण ती आत्ता टेबलावर नको. ती पटकन पेट घेते, वाफसुद्धा. टॉर्च विझेपर्यंत आणि हेड गार होईपर्यंत ती दुसऱ्या खोलीत राहू द्या.

काम मोकळ्या हवेत किंवा खिडक्या उघडून करा. जळक्या इपॉक्सीचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो.

५. मापं लिहून ठेवा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, आणि वगळली की हमखास पश्चात्ताप होतो. क्लब मोडून बाजूला ठेवल्यावर मूळ लांबी काय होती हे कोणालाच आठवत नाही.

क्लब खेळताना टेकवतो तसा जमिनीवर टेकवा आणि टाचेपासून शाफ्टच्या मागच्या बाजूने ग्रिपच्या टोकापर्यंत लांबी मोजा. फेरूलची उंची मोजा. शाफ्टवरची नक्षी किंवा नाव कोणत्या बाजूला आहे त्याचा फोटो काढा. ग्रिपवर खूण असेल तर तीही बघून ठेवा, शाफ्ट परत बसवताना ती वाकडी गेली तर हातात क्लब फिरल्यासारखा वाटतो. स्विंगवेट, म्हणजे क्लब फिरवताना हेड किती जड लागतं त्याचं माप, मोजायची सोय असेल तर मोजा. हेडमध्ये साधारण २ ग्रॅम वाढले की स्विंगवेट एक अंकाने वाढतो, अर्धा इंच लांबी वाढली की तीन अंकांनी. पुढे नवा शाफ्ट बसवताना हा हिशेब लागतो.

पूर्ण सेट उघडत असाल तर प्रत्येक शाफ्टला टेपची चिठ्ठी लावा. गार झालेले आठ शाफ्ट एका रांगेत ठेवले की सहाचा कुठला आणि सातचा कुठला हे सांगणं कठीण असतं.

६. फेरूल

फेरूल वाचवायच्या भानगडीत पडू नका. ती स्वस्त वस्तू आहे आणि बहुतेक वेळा आचेने आकसते किंवा वितळते. हीट गनने पाच-सात सेकंद ऊब द्या, कटरने उभी चीर द्या आणि पकडीने सोलून काढा. कटर शाफ्टकडे रोखून दाबू नका, विशेषतः ग्रॅफाइटवर. टोकावरचा एक ओरखडासुद्धा पुढे तडा ठरू शकतो, कारण क्लब चेंडूवर आदळतो तेव्हा सगळा ताण त्या भागावर येतो.

स्टील असेल तर फेरूल ठेवून काम केलं तरी चालतं, पिळल्यावर ती वर सरकते. पुलर वापरायचा असेल तर मात्र ती काढायलाच हवी, कारण पुलरची पट्टी होझलच्या कडेवर टेकते.

७. स्टील शाफ्ट काढणं

ग्रिपच्या टोकाला बारीक भोक असतं, ते आधी बघा. मातीने बुजलेलं असेल तर टाचणीने मोकळं करा. शाफ्ट पोकळ नळी आहे, आतली हवा तापून फुगते, तिला वाट हवी. नसेल तर हेड सुटताना गरम इपॉक्सीचा शिंतोडा उडू शकतो. म्हणूनच होझलच्या रेषेत तोंड किंवा हात नसावा, बाजूला उभं राहायचं.

शाफ्ट रबरी क्लॅम्पमध्ये घालून व्हाइसमध्ये आडवा घट्ट करा, होझलपासून वीतभर अंतरावर. हेडच्या खालच्या भागाला ओलं फडकं गुंडाळा. आता होझलवर ज्वाळा फिरवा. *फिरवा* हा शब्द महत्त्वाचा. एका जागी रोखलेली ज्वाळा क्रोमवर निळे-पिवळे डाग पाडते आणि ते जात नाहीत. आच शाफ्टवर नाही, होझलवर द्यायची, आणि वरच्या कडेपासून सव्वा इंच खालपर्यंत सगळीकडून.

अर्ध्या मिनिटाने टॉर्च बाजूला ठेवा, हातमोज्यातल्या हाताने हेड धरून पीळ देऊन बघा. हललं नाही तर जोर वाढवू नका, आणखी पंधरा-वीस सेकंद आच द्या. कडेशी बारीक धूर, तिखट वास किंवा इपॉक्सीचे बुडबुडे दिसले की वेळ झाली. मग हेड पिळत पिळत, थोडं मागेपुढे फिरवत, सरळ बाहेर ओढा. एकदा फिरायला लागलं की थांबायचं नाही. मध्येच फोन घेतलात तर जोड पुन्हा जमेल आणि सगळं पहिल्यापासून.

हातात पुरेसा जोर येत नसेल तर हेडच्या आधाराला जाड लाकडी दांडा लावून तरफ करता येते. हातोड्याने हेड ठोकणारे लोक आहेत. टोक वाकतं, होझलची कड चेपते. नको.

निघालेलं हेड पाण्यात बुडवू नका. चर्र असा आवाज छान येतो, पण आतल्या भरावाला, बिल्ल्यांना आणि क्रोमच्या थराला तो झटका नको असतो. विटेवर किंवा लोखंडी पट्टीवर ठेवून गार होऊ द्या. आणि दिसायला अगदी थंड वाटलं तरी पंधरा मिनिटं उघड्या हाताने उचलू नका. माझ्या अंगठ्यावर याची आठवण आहे.

८. ग्रॅफाइट शाफ्ट काढणं

इथे नियम एकच: ओढायचं, पिळायचं नाही.

शाफ्टमधले बरेचसे तंतू लांबीच्या दिशेने गेलेले असतात आणि थर एकावर एक गुंडाळलेले असतात. सरळ ओढीला ते तगतात. पण टोक होझलमध्ये अडकलेलं, रेझिन आचेने नरम झालेलं, आणि तुम्ही वरून पीळ दिलात, की थर एकमेकांवरून सरकतात. कधी माझ्यासारखा आवाज होतो, कधी काहीच होत नाही. आवाज न होणं जास्त वाईट. शाफ्ट वरून धडधाकट दिसतो, आणि पुढे खेळताना हेड चेंडूच्याही पुढे उडून जातं. शेजारी कोणी उभं असेल तर विचार करा.

पुलरचं तत्त्व साधं आहे. रबरी क्लॅम्प शाफ्ट धरून ठेवतो, एक पट्टी होझलच्या वरच्या कडेला टेकते, आणि स्क्रू किंवा हायड्रॉलिक जॅक त्या पट्टीला शाफ्टच्या रेषेत पुढे ढकलतो. हेडला सरळ जाण्यावाचून दुसरा रस्ता नसतो.

शाफ्ट बसवून झाल्यावर पट्टी होझलला नुसती टेकेल आणि किंचित ताण येईल एवढाच स्क्रू फिरवा. आता हीट गन घ्या. टॉर्च नाही. टॉर्चची ज्वाळा हजार अंशांच्या कितीतरी वर असते, आणि तिची एक झुळूक शाफ्टला लागली तरी बाहेरचा थर जळतो. होझलवर गरम हवा सगळ्या बाजूंनी फिरवा, तोंड शाफ्टपासून दूर, हेडच्या दिशेने झुकलेलं. शाफ्टचा उघडा भाग ओल्या फडक्याने किंवा ॲल्युमिनियमच्या फॉइलने झाका.

दोन-तीन मिनिटं काहीच होणार नाही. इथेच माणूस उतावीळ होतो आणि जॅकवर जोर काढतो. तसं करू नका. थोड्या वेळाने स्क्रू पाव फेरा फिरवा आणि आच चालू ठेवा. इपॉक्सी सुटली की ताण अचानक ढिला पडतो, कधी हलकासा टक् असा आवाज येतो. त्यानंतर पाव-पाव फेऱ्याने हेड सरकवत न्या, आच कमी ठेवा पण बंद करू नका. पाच-सहा मिनिटांनीही हललं नाही तर थांबा, सगळं पूर्ण गार होऊ द्या आणि कुठे पिन तर नाही ना, शाफ्ट आरपार तर नाही ना, हे परत तपासा. ‘अजून थोडं तापवून बघू’ या वाक्याने माझ्या माहितीतले जास्तीत जास्त शाफ्ट मेले आहेत.

पुलर नाही आणि शाफ्ट मोलाचा आहे, अशा वेळी क्लब बनवणाऱ्या कारागिराकडे जा. त्याच्याकडे पुलर असतो, त्याला हे दहा मिनिटांचं काम आहे.

९. शाफ्ट होझलमध्येच मोडला असेल तर

स्टील आणि बाहेर बोटभर तुकडा शिल्लक असेल तर होझल तापवा आणि तो तुकडा पकडीने फिरवून काढा. पकड लावण्याआधी तुकड्याच्या पोकळीत बेताच्या जाडीची खिळी सरकवा, म्हणजे नळी चेपणार नाही. होझलच्या कडेला सपाट मोडला असेल तर डाव्या आट्यांचा स्क्रू एक्स्ट्रॅक्टर आत बसवून, तापवून, उलटा फिरवायचा.

ग्रॅफाइटचा तुकडा ड्रिलने काढतात. बारीक बिटने मधोमध सुरुवात करा आणि एकेक आकार वाढवत जा. शेवटची पातळ साल राहिली की तापवून ती खरवडून काढा. होझलच्या भिंतीला बिट लागू देऊ नका, भोक एकदा तिरकं झालं की नवा शाफ्टही तिरकाच बसणार. कार्बनची धूळ अंगाला खाजते आणि फुप्फुसाला चांगली नाही, तेव्हा मास्क आणि लांब बाह्या.

१०. साफसफाई आणि तपासणी

हेड कोमट असतानाच होझलमधली इपॉक्सी सहज निघते. पकडीत धरून तारेचा ब्रश आत फिरवा. तळाशी छोटा धातूचा तुकडा, पितळेचा किंवा टंगस्टनचा, सापडू शकतो. ते वजन जुळवण्यासाठी टिपमध्ये बसवलेलं असतं. फेकू नका, त्या हेडच्या चिठ्ठीलाच चिकटवून ठेवा. जुन्या क्लबमधून करडी भुकटी सांडली तर ती शिशाची असू शकते. फुंकर मारू नका, ओल्या कागदाने टिपून घ्या आणि हात साबणाने धुवा. तापवल्यावर शिशाची धूळ अजिबात श्वासात जाऊ देऊ नये.

सगळं गार झालं, टॉर्च कपाटात गेला, की मग ॲसिटोनची बाटली आणा आणि होझल आतून पुसून घ्या. फडकं पांढरं निघेपर्यंत.

स्टीलच्या टिपवरची जुनी इपॉक्सी पॉलिश पेपरने घासा, धातू खरबरीत दिसेपर्यंत. ग्रॅफाइटच्या टिपवर मात्र हलका हात. फक्त इपॉक्सी आणि रंग काढायचा. काळी भुकटी निघायला लागली म्हणजे तुम्ही तंतू खाताय, थांबा.

आता ग्रॅफाइटची टिप उजेडात फिरवून बघा. उभी केसासारखी रेघ, फुगवटा, टोकाशी थर सुटलेले, किंवा जळल्याचा तपकिरी पट्टा, यातलं काहीही दिसलं तर शाफ्ट बाद. नखाने टिचकी मारा, चांगल्या टिपचा आवाज टणक येतो, सुटलेल्या थरांचा बद्द. दोन बोटांत धरून हलकेच दाबा, दबल्यासारखं वाटलं तरी बाद.

शेवटी कॅलिपरने टिपची जाडी मोजा आणि चिठ्ठीवर लिहा. आयर्नच्या टिप बहुधा ०.३५५ इंच टेपर (टोकाकडे निमुळत्या) किंवा ०.३७० इंच पॅरलल (एकसारख्या जाडीच्या) असतात, म्हणजे सुमारे ९.०२ आणि ९.४० मिलिमीटर. ड्रायव्हरच्या आणि वूडच्या ०.३३५ किंवा ०.३५० इंच, हायब्रिडच्या बहुतेक ०.३७०. टेपर टिप मोजताना अगदी टोकाशी मोजा, वर गेलात की जाडी वाढते आणि दोन्हींत घोटाळा होतो. ०.३७० च्या होझलमध्ये ०.३५५ ची टिप सैल बसते आणि ती इपॉक्सी जास्त भरून बसवायची नसते, तिला शिम (पातळ पत्र्याचा वेढा) लागते. नवी फेरूलसुद्धा याच मापाने आणायची.

आणखी एक, सेटमधून काढलेला शाफ्ट दुसऱ्या नंबरच्या हेडला लावताना. पॅरलल शाफ्ट क्लबच्या नंबरप्रमाणे टिपकडून कापलेला असतो. सातच्या आयर्नमधला शाफ्ट पाचच्या हेडला लावलात तर तो लांबीला आखूड आणि लवचिकपणात वेगळा पडेल. चिठ्ठीवर हेडचा नंबर लिहिला असेल तर हे लक्षात राहतं. नसेल, तर आत्ता लिहा.